हंगामाआधीचा भोंगा

मी आता जे सांगणार आहे ते कुणालाही खरं वाटणार नाही. वाटू नये. मी स्वतः तिथं उभा होतो, तरी मला दोन-तीन वर्षं ते खरं वाटत नव्हतं. पुढं सांगून सांगून वाटायला लागलं.

रविवारची दुपार होती. आमची सूनबाई शाल्मली पानावर बसली ती कपाळावर आठ्या घेऊनच. ती पुण्यात एका कंपनीत जावा भाषेत प्रोग्रॅम लिहिते. तिची तक्रार अशी की तिचा प्रोग्रॅम सुरू झाला की लगेच काही ठरलेली कामं उरकून टाकतो, त्यात गिऱ्हाइकांना संदेश धाडणंही आलं. ते ठीक. पण नुसती चाचणी घ्यायला उभा केला तरी तो तेच करतो, आणि परवापासून गिऱ्हाइकांचे फोन येतायत. मी म्हटलं, "बाई, तुला फोनच आले ना? आमच्याकडं बैलगाड्या आल्या होत्या." तिनं वरणभाताचा घास तसाच हातात धरला. तिथून पुढं मला थांबवणं माझ्याही हातात राहिलं नाही.

कारखान्याचं नाव सांगत नाही, तिकडं अजून माझे सोयरे आहेत. साखर कारखाना, कोल्हापूरकडचा, नदीकाठचा, एवढं पुरे. मी तिथं टाइम ऑफिसात कारकून. संगणक आले तेव्हा टाइप करता येणारा एकटा मी, म्हणून मला संगणक विभागाचा प्रमुख करून टाकलं. विभागात माणसं दोन. एक मी आणि दुसरी वैजयंती मगदूम. सांगलीला इंजिनिअरिंग करून आलेली, काडीसारखी मुलगी. बोलायची इतकं हळू की समोरच्याला वाटावं ही आपलं सगळं कबूल करतेय. मी प्रमुख होतो म्हणजे चहा मी मागवायचो. बाकी विभाग ती चालवायची.

आता भोंगा. शहरातल्या माणसाला भोंगा म्हणजे पाळी बदलल्याची खूण. आमच्याकडं हंगामात चुली भोंग्यावर पेटायच्या, शाळा भोंग्यावर सुटायच्या. हंगाम संपला की तो गप्प, आणि पुढच्या हंगामाचा पहिला भोंगा वाजेपर्यंत पंचक्रोशीत कुणी उसाला कोयता लावायचा नाही, अशी रीत. वाजला की मात्र कुणी थांबायचं नाही. प्रत्येकानं बांधावरून सरळ फडात घुसायचं, पहिली तोड करायची, गाडी भरायची आणि सुटायचं; कारण ज्याची गाडी कारखान्याच्या गव्हाणीपाशी, म्हणजे ऊस आत ओढून घेणाऱ्या पट्ट्यापाशी, पहिली येईल त्याला चेअरमनांच्या हातून फेटा. ह्या फेट्यापायी सख्ख्या भावांनी एकमेकांच्या गाडीच्या चाकांच्या कुण्या, म्हणजे खिळी, काढून ठेवलेल्या मी पाहिल्यात.

त्या वर्षी आमचे चेअरमन दौलतराव शिंत्रे यांच्या मनात आलं की भोंगा माणसानं नको, संगणकानं वाजवायचा. पूजा झाली की त्यांनी एक बटण दाबायचं, प्रोग्रॅम सुरू व्हायचा, आणि सुरू होताच त्यानं भोंग्याचा व्हॉल्व्ह आपला आपण उघडायचा. पलीकडच्या काठावरच्या कारखान्यानं बघत बसायचं. हा प्रोग्रॅम मुळात उसाच्या वजनकाट्याचा, आदल्या हंगामापासून चालू असलेला. गाडी काट्यावर आली की वजन घ्यायचं, रिकाम्या गाडीचं वजा करायचं, पावती द्यायची. तो ज्या मंडळींनी लिहिला त्यांनी चेअरमनांची इच्छा म्हणून भोंग्याच्या ओळी अगदी सुरुवातीलाच घातल्या, बिल घेतलं आणि गेली ती मंडळी.

मग एके दिवशी सकाळी वैजयंती मला म्हणाली की तिनं काट्यासाठी चाचण्या लिहिल्यात, चालवून बघते. मी म्हटलं, बघ. मी चहा मागवला. आता तिच्या चाचण्यांची तऱ्हा अशी होती की प्रत्येक चाचणीला अख्खा प्रोग्रॅम नव्यानं उभा राहायचा.

पहिली चाचणी, आणि भोंगा. माझ्या हातातली बशी हातातच राहिली, चहा तेवढा खाली गेला. दुसरी चाचणी, पुन्हा भोंगा. तिसरीला खिडकीची काच गेली. वैजयंतीनं सगळं बंद करेपर्यंत भोंग्यानं इतकं कोकलून घेतलं होतं की कॉलनीतल्या म्हशी पान्हा सोडून मोकळ्या झाल्या. शाळेत मास्तरांनी प्रार्थनेनंतर थेट वंदे मातरम् म्हणून पोरं घरी सोडली. मंगल कार्यालयात एक लग्न लागत होतं. भटजींना वाटलं मुहूर्त टळला, त्यांनी मंगलाष्टकं मध्येच तोडून अक्षता टाकायला लावल्या. ते जोडपं आजही सुखात आहे. अर्धीच मंगलाष्टकं ऐकल्यामुळं असेल.

आणि मग गाड्या. दुपारी मी गच्चीवर गेलो तर कारखान्याच्या फाटकापासून नदीच्या पुलापर्यंत नुसती बैलांची शिंगं. ऊस भरलेला, बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा, माणसं डोकी पुसून उभी, फेट्याची वाट बघत. आणि इकडं कारखान्याच्या गव्हाणीला अजून रंगसुद्धा दिलेला नाही. तोडलेला ऊस म्हणजे काय असतं, शाल्मली, सांगतो. तो तोडल्या घडीपासून वाळतो. उन्हात उभी गाडी म्हणजे वजन उतरत चाललंय, साखर उतरत चाललीय. त्या माणसांनी शिव्या दिल्या नाहीत. ती नुसती आमच्या खिडकीकडं बघत राहिली. ते जास्त वाईट.

दौलतराव आले. हा माणूस ओरडायचा नाही. खुर्ची ओढून समोर बसायचा, त्यातच निम्मी माणसं गळाठायची.

"कुणी वाजवला?"

मी तोंड उघडायच्या आत वैजयंती म्हणाली, "मी, साहेब. काट्याची चाचणी घेत होते."

"काट्याला काय धाड भरलीया?"

तिनं सांगितलं. ट्रॅक्टरला दोन ट्रेलर जोडलेले असले की कधीकधी रिकाम्या ट्रेलरचं वजन दोनदा वजा होतंय. कधीकधीच. नेमकं कधी ते अजून सापडलेलं नाही, आणि सापडेपर्यंत चाचण्या घ्याव्या लागतील. म्हणजे गेल्या हंगामात कुणाकुणाचा ऊस कमी भरला असणार. ती हे सगळं अशा आवाजात सांगत होती जसं कुणी पाव्हण्याला पाणी हवंय का विचारावं.

दौलतराव बराच वेळ बोटातली अंगठी फिरवत बसले. गाड्यांचा ऊस त्यांनी शेजारच्या गुऱ्हाळांकडं लावून दिला, तिथल्या कायली आठवडाभर उतरल्या नाहीत, हे पुढचं. त्या वेळी ते एवढंच म्हणाले, "मगदूमबाई, ह्या भोंग्यावर लोक इमान ठेवून हायत. पूजेच्या आधी त्यो पुन्हा वाजला, तर तुमी घरी. आनि पूजेच्या दिवशी मी बटन दाबल्यावर न्हाई वाजला, तरी घरी."

आणि उठून गेले.

आता तिची गत लक्षात घ्या. कारखान्याची खोली मिळाली म्हणून तिनं महिन्यापूर्वीच सांगलीचं भाड्याचं घर सोडून आईला आणलेलं. आईनं दारात तुळस लावून झालेली. मी प्रमुख या नात्यानं तिला पोक्त सल्ला दिला, की बाई, चाचण्या घेऊच नकोस. पूजा होऊ दे, हंगाम लागू दे. काट्याचं गेल्या वर्षी कुणाला कळलं?

"कुणाला कळलं नाही, सर," ती म्हणाली. "म्हणून तर घ्यायच्या."

मी त्या दिवशी तिला पहिल्यांदा नीट पाहिलं असं म्हणायला हरकत नाही.

पण मीही स्वस्थ बसणाऱ्यातला नव्हे. मी म्हटलं, भोंग्याचाच बंदोबस्त करू. एक तेलकट गोणपाट घेतलं, शिडी लावून छपरावर गेलो आणि भोंग्याच्या तोंडात ते असं कोंबलं की मांजराचं पिल्लू आत शिरणार नाही. खाली येऊन तिला म्हटलं, चालव बिनधास्त. तिनं एकच चाचणी चालवली. भोंगा वाजला नाही, हे खरं. तो खाकरला. आणि ते गोणपाट तोफेच्या गोळ्यासारखं सुटलं, नदी ओलांडून गेलं आणि पलीकडच्या कारखान्याच्या चेअरमनांच्या गाडीवर जाऊन पडलं. काचेवर, आमच्या कारखान्याच्या शिक्क्यासकट. त्यांनी ते धुऊन परत पाठवलं, सोबत लिहिलं होतं, 'आपला माल आमच्याकडं आला.'

मग मी म्हटलं, त्या भोंग्याच्या ओळीच काढून टाक. चाचण्या घे, आणि पूजेच्या दिवशी परत घाल. दोन मिनिटांचं काम. मला वाटलं आता ही माझे पाय धरते. तर तिनं मान हलवली.

"मी काढणार, मी घालणार. आणि गडबडीत घालायच्या राहिल्या तर? नाहीतर घालताना भलत्याच जागी पडल्या तर? चाचणी एकाची घ्यायची आणि पूजेला दुसराच उभा करायचा, मग चाचणी घेतली कशाची?"

मी आणखी एक चहा मागवला. 

दोन-तीन दिवस ती काहीच न करता त्या प्रोग्रॅमसमोर बसून राहिली. मी तोवर कॉलनीच्या नाटकात गुंतलेलो. दरवर्षी हंगामाआधी कामगारांचं नाटक असायचं आणि त्यात मी पडद्याआडून संवाद पुरवायचो. पुढं पुढं लोक माझंच नाटक बघायला यायचे, कारण पुरवलेले संवाद मी मूळ संहितेपेक्षा बरे पुरवायचो. संध्याकाळी ती आईला घेऊन तालीम बघायला आली. समोर बाकावर बसली. तालीम संपल्यावर मला म्हणाली,

"सर, तुम्ही आज तिसरी घंटा दिली नाही."

मी म्हटलं, तालमीला कोण घंटा देतं? घंटा दिली की लोक येऊन बसतील, पडदा वर जाईल, नटांना घाम फुटेल. घंटा प्रयोगाला.

"पण नाटक तेच ना?"

"तेच. शब्द न् शब्द."

"मग घंटेवाल्याला कसं कळतं, आज तालीम आहे का प्रयोग?"

मी म्हटलं, त्याला सांगितलेलं असतं.

 ती आईचा हात धरून घरी निघाली तेव्हा तिची चाल पाहून मी ओळखलं, ह्या मुलीनं काहीतरी धरलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ते मला कागदावर काढून दाखवलं. आजवर भोंग्याचं काम प्रोग्रॅमच्या उभं राहण्यातच शिवून टाकलेलं होतं. तो उठला की ओरडलाच. तिनं ते उसवून बाजूला काढलं आणि त्याचा एक वेगळा घंटेवाला केला. त्या घंटेवाल्याच्या डोक्यावर एक पाटी लावली: 'चाचणी नसेल तरच कामावर यावे.' आणि प्रत्येक चाचणीच्या कपाळावर लिहिलं, 'ही चाचणी आहे.' झालं. चाचणीला प्रोग्रॅम उभा राहणार तो सगळाच्या सगळा, काटा तोच, वजाबाकी तीच; फक्त घंटेवाला त्या दिवशी कामावर येणारच नाही. त्याला हाकलायचं नाही, त्याचं तोंड बांधायचं नाही. पूजेच्या दिवशी कपाळावर काही लिहिलेलं नसेल, तो आपसूक हजर.

इथं शाल्मली पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "म्हणजे त्यांनी प्रोफाइल लावलं, बाबा."

मी म्हटलं, तुम्ही प्रोफाइल म्हणा. आम्ही पाटी म्हणायचो. तिनं मान डोलावली आणि विचारलं की मग त्या घंटेवाल्याची चाचणी कुणी घेतली? तो पूजेच्या दिवशी खरंच वाजवेल हे कशावरून?

बघा, जातिवंत माणसं असं विचारतात. मी तेव्हा विचारलं नव्हतं. पण वैजयंतीनं तेही करून ठेवलं होतं. त्या एकट्या घंटेवाल्यासाठी तिनं एक खोटा भोंगा केला, लाकडाचा नव्हे, प्रोग्रॅमातलाच. त्याला वाजता येत नव्हतं, फक्त 'मला वाज म्हणून सांगितलं' एवढं लक्षात ठेवता येत होतं. घंटेवाल्याला त्याच्यासमोर उभा केला. त्यानं हुकूम दिला, खोट्यानं लक्षात ठेवला. बस.

तरी ते पहिल्यांदा चालवायचं म्हणजे सगळं पणाला होतं. मी म्हटलं, गुपचूप चालव, कुणाला सांगू नको. तर ही बया सरळ दौलतरावांच्या केबिनमध्ये गेली आणि म्हणाली, साहेब, आज चाचण्या घेणार आहे, तुम्ही समोर बसा. का, असं मी नंतर विचारलं. म्हणाली, लोकांच्या मनातून तो अवेळी वाजलेला भोंगा काढायचा तर लोकांसमोरच गप्प राहायला हवा.

बातमी फुटली. दुपारी बारापर्यंत पंचक्रोशी बांधावर. बाया-माणसं कोयते घेऊन उभी, कान आमच्या छपराकडं. कुत्रीसुद्धा बसून राहिलेली. आमच्या खोलीत दौलतराव खुर्ची ओढून बसले. मी दाराशी, म्हणजे पळायला बरं. वैजयंतीनं पदर खोचला आणि कळ दाबली.

पहिली चाचणी. प्रोग्रॅम उभा राहिला. शांतता.

दुसरी. शांतता. दौलतरावांची अंगठी फिरायची थांबली.

मग तिनं थांबायचं नावच घेतलं नाही. एकामागून एक, एकामागून एक, अख्खा प्रोग्रॅम उठतोय, वजन करतोय, वजा करतोय, निजतोय, पुन्हा उठतोय, आणि बाहेर इतकी शांतता की उसाच्या पानाला पान घासलेलं ऐकू येत होतं. मी छपराकडं बघितलं. भोंग्यावर एक कावळा येऊन बसला होता. तो झोपला.

आणि मध्येच एक चाचणी लाल झाली, म्हणजे नापास. मला वाटलं, संपलं. वैजयंतीच्या चेहऱ्यावर मात्र मी हसू पाहिलं. पुढचा ट्रेलर आधी काट्यावरून उतरला की मागच्याचं वजन दोनदा वजा होत होतं. इतके दिवस भोंग्याच्या भीतीनं जे शोधता येत नव्हतं, ते त्या शांततेत मिळालं. तिनं ओळ दुरुस्त केली, पुन्हा सगळं चालवलं, सगळं हिरवं. मग दौलतरावांकडं वळून म्हणाली, "साहेब, आता गेल्या हंगामाच्या पावत्या पुन्हा तपासाव्या लागतील."

दौलतराव म्हणाले, "ते जड जाईल, बाई."

"जाईल," ती म्हणाली.

त्यांनी तिच्याकडं पाहिलं. मग खिडकीबाहेर, बांधावर उभ्या लोकांकडं. मग म्हणाले, "तपासा."

शाल्मली, मी आयुष्यात पुष्कळ शूर माणसं पाहिली. पाहिली नाहीत त्यांच्याही गोष्टी सांगितल्या. पण स्वतःची नोकरी टांगणीला असताना तोंडातून निसटू द्यावं असं वाक्य नव्हतं ते, आणि तिनं ते चहात साखर किती असं विचारावं तसं म्हटलं. त्या क्षणी मी मनातल्या मनात विभागप्रमुखाची खुर्ची तिला देऊन टाकली. प्रत्यक्षात द्यायला पुढं थोडी वर्षं गेली, ते सोडा.

राहिला पूजेचा दिवस. घरी जायचं की राहायचं, ह्याचा अर्धा निकाल अजून बाकी होता. तिची आई सोवळ्यात असल्यासारखी कोपऱ्यात उभी. आमच्या कारखान्याची रीत अशी की बॉयलर पेटवायचा आणि गव्हाणीत मोळी टाकायची, दोन्ही एकाच दिवशी. सकाळी होम झाला. सहा-सात महिने थंडगार पडलेल्या बॉयलरच्या पोटात दौलतरावांनी पेटता पलिता टाकला. बगॅसनं, म्हणजे उसाच्या वाळल्या चिपाडानं, पेट घेतला, पाणी तापलं, वाफ धरली, वाफेचा काटा हळूहळू वर चढला. आमचा भोंगा असा तसा विजेचा नव्हे बरं का, अस्सल वाफेचा. बॉयलरची वाफ नळातून छपरावर चढली की मग त्याच्या घशात जीव यायचा. फिटरनं वाफ चढल्याची खूण केली. दौलतरावांनी बटणावर बोट ठेवलं आणि वैजयंतीकडं बघितलं. तिनं मान हलवली. त्यांनी दाबलं.

प्रोग्रॅम उभा राहिला. त्याच्या कपाळावर काही लिहिलेलं नव्हतं. घंटेवाला कामावर आला.

असा वाजला, असा वाजला की नदीचं पाणी एक हात मागं सरलं. कऱ्हाडला लोकांनी घड्याळं लावली. बांधाबांधावरून कोयते चमकले, गाड्या सुटल्या, आणि जो पहिला आला, म्हातारा परीट, त्यानं फेटा चेअरमनांच्या हातून घेतला, दोन पावलं चालला आणि मागं वळून तो तसाच वैजयंतीच्या डोक्यावर ठेवला. म्हणाला, "गेल्या साली माझा ऊस काट्यावर कमी भरला हुता. मला वाटलं माझंच रान हलकं." ती रडली नाही, हसली नाही. फेटा मोठा झाला होता, डोळ्यांवर आला, तो तिनं एका हातानं वर धरून ठेवला आणि दुसऱ्या हातानं पुढची गाडी काट्यावर बोलावली. तिची आई मात्र पदर तोंडाला लावून बसली. तो फेटा, तो हात, आणि वर भोंगा अजून वाजतोच आहे—

शाल्मलीचा भात केव्हाच गार झाला होता. तिनं ताट बाजूला सारलं, माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाली,

"बाबा, बॉयलर जर त्या दिवशी पेटला, तर त्याच्या आधी भोंग्यात वाफ आली कुठनं?"